शीळफाटा : पेला एक, मतं अनेक

शीळफाटा म्हटलं की तुमच्यापैकी कितीतरी जणींना खोपोलीजवळचा, घाटाखालचा शीळफाटा आठवेल. मी म्हणते तो हा नव्हे, बरं का! हा ठाण्याचा शीळफाटा. मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा जुना हमरस्ता, कल्याण-डोंबिवलीहून येणारा कल्याण-शीळ रस्ता आणि महापेमार्गे नव्या मुंबईत जाणारा रस्ता, असे तीन रस्ते इथल्या थोडक्या टापूत एकमेकांना येऊन मिळतात. त्यामुळे चोवीस तास कंटेनर, ट्रक, रिक्षा आणि बसगाड्या यांची झुंबड असते. हल्ली या नावाला नवं महत्त्व आलं आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघतो तो इथं शीळफाट्यालाच बाहेर येणार आहे, आणि त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहेत!

पण आज मी तुम्हाला इथं आणलं आहे ते बोगदा दाखवायला नव्हे. आणलं आहे बिअरविषयी बोलायला. दचकलात ना? आपल्यासारख्या बायकांच्या मासिकांत बिअर आली ती फार तर ‘केसांना चमक येण्यासाठी’ या सदरात. न्हाऊन झाल्यावर केसांवरून ओतायची नि धुऊन टाकायची, एवढाच तिचा नि आपला संबंध! आता दिवस बदलले आहेत. ‘क्राफ्ट बिअर’ या नव्या नावानं ती मुलांच्या तोंडी आली आहे, सुनांच्या हातात आली आहे आणि कित्येक घरांत फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी येऊन बसली आहे. जी वस्तू घरात येते, तिच्याविषयी घरच्या बाईला माहिती नको का?

यासाठी शीळफाट्यासारखी दुसरी जागा नाही. कल्याण-शीळ रस्त्यानं मागं गेलात तर डोंबिवलीची औद्योगिक वसाहत लागते. रंग आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे ती वर्तमानपत्रांत गाजत असते. २०१४ साली इथला हिरवा पाऊस आणि २०२० साली इथला गुलाबी रस्ता तुम्ही वाचला असेल. त्याच डोंबिवलीत गेल्या दशकात ‘गेटवे ब्रुइंग कंपनी’ या नावानं बिअरची एक लहानशी भट्टी सुरू झाली. गव्हाची, फिकट, गडद अशा निरनिराळ्या बिअर करायच्या आणि पिंपांतून मुंबईच्या हॉटेलांना पुरवायच्या, असा तिचा धंदा. ‘व्हाईट झेन’ ही तिची गव्हाची बिअर मुंबईच्या शौकिनांत नावाजली गेली. तिथं ती पिणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या पेल्यातली ही नवलाई डोंबिवलीची!

उलट फाट्यावरून पनवेलच्या दिशेनं वळलात तर तळोजा येतं. तिथं युनायटेड ब्रुअरीज या बड्या कंपनीचा कारखाना आहे. लाखो बाटल्या, सगळ्यांची चव एक, आज घ्या नाहीतर सहा महिन्यांनी घ्या. म्हणजे एका रस्त्याला लहान भट्टी, दुसऱ्या रस्त्याला मोठा कारखाना आणि मधोमध आपला शीळफाटा. बिअरच्या चवीवरचा जो वाद आज घरोघरी चालतो, त्याचे दोन पक्ष असे दोन दिशांना बसले आहेत.

वाद कसा असतो, ते मी इथल्याच एका घरात ऐकलं. माझ्या ताईच्या मुलानं निळजे स्टेशनाजवळच्या एका मोठ्या वसाहतीत जागा घेतली आहे. दिवा-पनवेल मार्गावरचं हे स्टेशन. एका रविवारी त्यानं दोन प्रकारची बिअर आणली होती. एक दुकानात नेहमी मिळणारी, सोनेरी आणि काचेसारखी स्वच्छ. दुसरी लहान भट्टीची, गव्हाची, ताकासारखी गढूळ. भावोजींनी नव्या बिअरचा एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. “ही बिअर कसली? केळ्याचं शिकरण आंबवलंय!” भाच्याला राग आला. त्याच्या मते नेहमीची बिअर म्हणजे रंग दिलेलं थंडगार पाणी. भाचेसुनेला नवी आवडली. तळलेल्या मांदेलीबरोबर ती फार हलकी लागते, असं तिचं म्हणणं. ताईनं दोन्हींचा वास घेऊन नाक मुरडलं. कडू खायचं ते गुढीपाडव्याला, तेही कडुनिंबाच्या चार पानांपुरतं! मी आमटी चाखावी तशी चमचाभर चाखली. शेजारच्या आगरी आजी बसल्या होत्या, त्या नुसत्या हसत होत्या. त्यांनी लहानपणी ताडी पाहिलेली. त्या म्हणाल्या, की पहाटे उतरवलेली ताडी गोड असते आणि दुपारची आंबट होते. मग चांगली कुठली, हे विचारण्याआधी कधीची आहे ते विचारा.

मैत्रिणींनो, माझ्या मते त्या दिवशी सगळ्यांत शहाणं बोलणं आजींचं होतं. कारण बाकीचे भांडत होते ते आवडीवरून, आणि आजी बोलत होत्या प्रतीविषयी. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाला आंबट वरण आवडतं, कुणाला गोडं. त्यात चूक-बरोबर काही नाही. पण वरण लागलेलं असेल, तर ते दोघांनाही वाईटच. बिअरचंही तसंच आहे. हे समजायला ती होते कशी, ते आधी पाहू.

तुम्ही बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलं असेलच. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. बिअरची पहिली पायरी नेमकी हीच, फक्त नाचणीऐवजी सातू, म्हणजे बार्ली. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर करणारे पाचक घटक तयार होतात. असं मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट. दुधात घालतो त्या पौष्टिक पुडीवर हा शब्द तुम्ही वाचला असेल. माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ठेवलं की त्याचं गोड पाणी होतं. ते गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकून उकळायचं. कडूपणा येतो तो या फुलांचा. फुलं टिकाऊपणाही देतात, आपण लोणच्यात मोहरी आणि हिंग घालतो तसा. मग पाणी निववायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. दुधाला विरजण लावावं तसं! यीस्ट साखर खातं आणि तिचं मद्य आणि वायू करतं.

विरजण बदललं की दही बदलतं, हे तुम्हाला मी काय सांगावं? इथंही तेच. एका जातीचं यीस्ट जरा उबेत, १५ ते २४ अंशांत, झटपट आंबवतं आणि फळांसारखे वास सोडतं. अशा बिअरला एल म्हणतात. दुसरं थंडीत, ८ ते १३ अंशांत, सावकाश काम करतं. मग बिअर स्वच्छ आणि सौम्य होते. ती लागर. दुकानातली नेहमीची बिअर बहुधा लागर असते. आणि भावोजींना आलेला केळ्याचा वास? तो अगदी खरा होता! जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास यावाच लागतो. गढूळपणाही गव्हातल्या प्रथिनांचा आणि तरंगणाऱ्या यीस्टचा. म्हणजे भावोजींचं नाक तिखट, पण निकाल उतावळा. भाच्याचंही तेच. मोठ्या कारखान्यात बार्लीबरोबर तांदूळ किंवा मकाही वापरतात, त्यानं चव हलकी होते. पण लाखो बाटल्यांत चव तसूभर न बदलणं हे सोपं काम नाही. रोज तीच चव देणारी खानावळवाली आणि सणासुदीला नवा पदार्थ करणारी सुगरण, दोघींचं कौशल्य वेगळं. एकीला नावं ठेवून दुसरी मोठी होत नाही.

बरं, मग प्रत ओळखायची कशी? त्यासाठी परदेशात शिकून यायला नको, स्वयंपाकघरातलं नाक पुरे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बिअर शिळी झाली आहे, तिला हवा लागली आहे. उग्र, कुबट, प्राण्याच्या अंगासारखा वास आला, तर बाटलीला ऊन लागलं आहे. उजेडानं हॉप्समधले घटक बिघडतात. म्हणून तपकिरी बाटली हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीपेक्षा बरी, आणि डबा सगळ्यांत बरा. मुद्दाम आंबट केलेली बिअर नसताना शिरक्याचा आंबटपणा आला, तर नको ते जंतू शिरले आहेत. पिंपातून नळानं देणाऱ्या ठिकाणी हा दोष पुष्कळदा भट्टीचा नसतो, न धुतलेल्या नळीचा असतो. साबणाचा अंश राहिलेल्या किंवा तेलकट पेल्यात फेस टिकत नाही. भांडी नीट विसळली नाहीत की चहाला वास येतो, तसंच हे.

तारीख मात्र डोळ्यांनी पाहा. मोठ्या कारखान्यातली बाटली बहुधा पाश्चराइज्ड, म्हणजे ठरावीक उष्णता देऊन टिकाऊ केलेली असते. दुधाच्या पिशवीवरून आपल्याला हा शब्द पाठ आहे. गंमत म्हणजे लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअर का बिघडते यावर एक सबंध ग्रंथ लिहिला होता! लहान भट्टीची ताजी बिअर पुष्कळदा अशी तापवलेली नसते. तिला थंडाव्यात ठेवावं लागतं आणि ती लवकर संपवावी लागते. शीळफाट्याच्या कोंडीत मे महिन्याच्या उन्हात टेम्पो तास-दीड तास अडकला, तर आतल्या मालाचं काय होत असेल, ते तुम्हीच ठरवा. म्हणजे ‘लहान भट्टीची म्हणून चांगलीच’ हेही खरं नाही. घरगुती म्हणून विकलेला मसाला बुरसटलेला निघत नाही का?

आता काही समजुती. बाटली उघडून पाण्याच्या पेल्यात उलटी धरायची, म्हणजे ‘ग्लिसरीन’ खाली उतरतं, असं पुरुषमंडळी मोठ्या आत्मविश्वासानं करतात. मैत्रिणींनो, ग्लिसरीन पाण्यात पूर्ण विरघळतं. ते असं वेगळं होऊन खाली बसणार नाही. खाली उतरताना दिसते ती पाण्याहून किंचित जड असलेली बिअरच! दुसरी समजूत मुतखड्याची. बिअरनं खडा पडतो म्हणून आजारी माणसाला ती पाजणारी घरं आहेत. लघवी जास्त होते हे खरं, पण मद्यानं शरीरातलं पाणी कमी होतं. मुतखड्याला भरपूर पाणी आणि डॉक्टरांचा सल्ला, हाच उपाय.

तिसरी समजूत सगळ्यांत धोक्याची. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे.’ क्राफ्ट बिअरच्या नावाखाली ती आणखी साळसूद होते. नैसर्गिक आहे, धान्याची आहे, रसायन नाही, असं मुलं पटवून देतात. आपण हिशेब करू. किराणा मालाच्या यादीवर करतो तसा. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेली बिअर सौम्य आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत ८ टक्क्यांप्रमाणे ५२ मिलिलिटर शुद्ध मद्य झालं. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये ते सुमारे १३ मिलिलिटर असतं. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग! लहान भट्टीच्या ५ टक्क्यांच्या बिअरचा अर्ध्या लिटरचा पेला घेतला, तरी जवळजवळ दोन पेग झाले. ‘एकच तर घेतली’ असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा. मद्याचं निर्धोक असं कोणतंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गरोदर बाईनं तर थेंबही घेऊ नये. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची २१ वर्षं आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, हेही घरातल्या तरुणांना माहीत असू द्या. आणि पिऊन गाडी नको, या फाट्यावर तर मुळीच नको. इथं शुद्धीत असलेल्या माणसालाही रस्ता ओलांडताना देव आठवतो!

चव आणि प्रत झाली. पण आणखी एक गोष्ट आहे, ती या रस्त्यावर उघड दिसते. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेनं जाडजूड जलवाहिन्या गेल्या आहेत. बारवी धरणाचं पाणी औद्योगिक वसाहतींना आणि आसपासच्या वस्त्यांना त्यांतून जातं. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शिवाय पिंपं धुणं, माल निववणं यांत आणखी पाणी जातं. उत्तम चाललेल्या मोठ्या कारखान्याला एक लिटर बिअरमागे तीन-चार लिटर पाणी लागतं, लहान भट्टीला बहुधा त्याहून अधिक. इथं मोठ्याची बाजू वरचढ आहे, हे भाच्याच्या पक्षानं कबूल करायला हवं. दुसरीकडे कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या सत्तावीस गावांतल्या बायका वर्षानुवर्षं पाणी पुरत नाही म्हणून तक्रार करीत आल्या आहेत. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती, ती याच कारणासाठी. आधी हंडा, मग पेला. चवीच्या चर्चेत हा विषय कुणी काढत नाही, म्हणून आपण काढायचा.

‘बायकांना यातलं काय कळतं’ असं कुणी म्हणालं, तर त्याला थोडा इतिहास सांगा. सुमेरियन लोकांची बिअरची देवता निन्कासी ही स्त्री. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरच्या बायका बिअर करून विकत. हॉप्सच्या टिकाऊपणाविषयी बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या साध्वीनं लिहून ठेवलं. आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सुरेसाठी लागणारं किण्व आणि मसाले निवडण्याचं काम स्त्रिया आणि मुलांकडे दिलेलं आहे. आंबवण्याची विद्या ही चुलीजवळचीच विद्या. कारखाने आले, तशी ती आपल्या हातून गेली.

आणि मताचं म्हणाल तर आपल्या राज्यात बाईच्या मताला नुसता चवीपुरता नव्हे, कायद्याचा मान आहे. २००८ च्या सरकारी आदेशानुसार एखाद्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या स्त्री मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होतं. ज्या घरात पगाराचा निम्मा भाग दुकानात जातो, तिथल्या बाईपुढे केळ्याचा वास आणि लवंगेचा वास यांची चर्चा करण्यात अर्थ नाही. तिचं मत या सगळ्या मतांच्या वरचं आहे, आणि चवीचे शौकीन असलेल्यांनीही ते मानायला हवं.

म्हणून वाचक भगिनींनो, घरात पाहुण्यांसमोर हा वाद निघाला तर घाबरून स्वयंपाकघरात जाऊ नका. ज्याला गढूळ आवडते त्याला गढूळ, ज्याला स्वच्छ आवडते त्याला स्वच्छ, आणि जिला मुळीच नको तिला कैरीचं पन्हं. तिला आग्रह करायचा नाही, हा पहिला नियम. मग सरळ चार प्रश्न विचारा. कधीची आहे? कुठं ठेवली होती? मद्यांश किती? आणि घरी कोण गाडी चालवणार? चौथ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेला पुढे करू नका.

शीळफाट्याला कधी आलात, तर वाट थोडी वाकडी करून खिडकाळीला जा. कल्याण-शीळ रस्त्यालगतच खिडकाळेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. आवारात शिरलं की ट्रकांची घरघर मागं पडते. सोबत पाण्याची बाटली मात्र घरून भरून न्या. या रस्त्यावर गाडी कधी नि किती वेळ अडकेल, याचा नेम नाही.